श्वास सोडून थांबा

"मॅडम, मला इथे एक आवाज येतोय," चिमणी म्हणाली आणि कानातला स्टेथोस्कोप तसाच ठेवून तिने डॉक्टरबाईंकडे पाहिलं.

चिमणी हे तिचं नाव नव्हतं. मेडिकल कॉलेजातून दवाखान्यात शिकायला येणाऱ्या मुलामुलींना बाई मनातल्या मनात टोपणनावं द्यायच्या. आतापर्यंत एक बांबू झाला होता, एक वकील झाला होता, एक झोपाळू झाली होती. ही अगदी बारीक आवाजात, तोंडातल्या तोंडात बोलायची म्हणून चिमणी. "अगं, जरा मोठ्याने बोल, पेशंट काय तुझ्या पोटात शिरून ऐकणार आहे का?" असं बाईंनी तिला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. या वेळी मात्र तिचं बोलणं त्यांना स्वच्छ कळलं, कारण ती समोरच उभी होती आणि तिचे ओठ दिसत होते. तपासणीच्या टेबलावर ड्रायव्हर बसला होता, सांगितल्यासारखा पुढे वाकून, सगळा श्वास बाहेर सोडून, दम रोखून. तो एका कारखान्याची बस चालवायचा आणि तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला घ्यायला दर वर्षी बाईंकडेच यायचा. आजारी माणूस म्हणून त्याला कोणी पाहतच नव्हतं. छाती कशी ऐकायची हे मुलीला शिकवायला एक सोयीची, निरोगी छाती हवी, म्हणून बाईंनी त्याला थांबवून घेतलं होतं आणि तोही, "करा, करा, आमच्यावर शिका," म्हणत हसत शर्ट काढून बसला होता.

"कसा आवाज?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्या ठोक्याला लागूनच. कोणी हळूच उसासा टाकावा तसा. लगेच विरतो."

बाईंनी आपला स्टेथोस्कोप कानात घातला, ड्रायव्हरला पुन्हा पुढे वाकायला सांगितलं, "श्वास सोडा, पूर्ण सोडा, थांबा," म्हणाल्या आणि छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला चकती दाबून धरली. पहिला ठोका. दुसरा ठोका. नंतर काही नाही. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, आणि नंतर पुन्हा ती रिकामी जागा, झाडून पुसून ठेवलेल्या खोलीसारखी. त्यांनी चकती बोटभर खाली सरकवली. डोळे मिटून घेतले. जिवाचा कान करून ऐकलं. ऐकू आलं ते एवढंच, की आपल्याला काही ऐकू येत नाही. ड्रायव्हरचा चेहरा लाल व्हायला लागला होता. तो बिचारा अजून श्वास कोंडून थांबला होता. "घ्या श्वास," बाई म्हणाल्या आणि कानातून नळ्या काढता काढता त्यांची मान आपोआप हलली. "हो," त्या म्हणाल्या, "आहे."

चिमणीचा चेहरा एकदम उजळला. डॉक्टर होण्याच्या वाटेवर हा क्षण एकदा येतो, पुस्तकात वाचलेलं काहीतरी जिवंत माणसाच्या छातीतून आपल्याशी बोलतं, आणि त्या क्षणाला साक्षीदार लागतो. बाई अशा क्षणांच्या किती वेळा साक्षीदार झाल्या होत्या. आज त्यांनी खोटी साक्ष दिली होती. ड्रायव्हर शर्टाची बटणं लावत विचारत होता, "काय आहे? काय सापडलं?" आणि बाई त्याला आपल्या नेहमीच्या, न घाबरवणाऱ्या आवाजात समजावून सांगत होत्या, की हृदयाची एक झडप कदाचित नीट मिटत नसेल, थोडं रक्त मागे येत असेल, एक इको काढून घेऊ, म्हणजे शंका नको. तो म्हणाला, "पण मला तर काही होत नाही, बाई." त्या म्हणाल्या, "म्हणूनच आत्ता बघायचं." हे सगळं बरोबर होतं, दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरने हेच सांगितलं असतं. मुलीने आवाज ऐकला होता, आणि आवाज असेल तर पुढचं सगळं यंत्रासारखं ठरलेलं होतं. पण बोलता बोलता बाईंना वाटत होतं, की आपण दुसऱ्याच्या पत्रिकेतलं वाचून दाखवतोय.

विद्यार्थी असताना एकदा त्यांच्या सरांनी वीस-बावीस जणांच्या तुकडीला एकाच माणसाच्या छातीवर ओळीने स्टेथोस्कोप ठेवायला लावला होता. "नीट ऐका, फार नाजूक आवाज आहे," सर म्हणाले होते. प्रत्येकाने ऐकलं, प्रत्येकाने मान डोलावली, काहींनी तर "हो सर, स्पष्ट आहे," असंही म्हटलं. बाईंनीही डोलावली होती. शेवटचा मुलगा उठल्यावर सर म्हणाले, "अभिनंदन. हा आपला माळी आहे. याचं हृदय घोड्यासारखं आहे." वर्ग खाली मान घालून उभा होता आणि माळी मात्र खो खो हसत होता. त्या दिवसाची लाज बाईंनी आयुष्यभर उपयोगात आणली. आपल्याकडे आलेल्या प्रत्येक पोराला त्यांनी पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट सांगितली आणि शेवटी बजावलं, ऐकू नाही आलं तर नाही आलं म्हणा, खोटी मान डोलावणाऱ्याला मी पुन्हा माझ्या पेशंटला हात लावू देणार नाही. चिमणीलाही सांगितलं होतं. तेव्हा तिने वहीत लिहून घेतलं होतं की नुसतीच ऐकत बसली होती, हे बाईंना आता आठवेना.

तेच सर पुढे त्यांच्यावर रागावले होते. बाईंचे मार्क चांगले होते, हवी ती शाखा मिळाली असती, आणि त्यांनी निवडला साधा दवाखाना. "हुशार आहेस म्हणून सांगतो, वाया जाशील. गल्लीत पाटी लावून लोकांची नाकं पुसत बसशील," असं सर म्हणाले होते. बाईंनी खरंच गल्लीत पाटी लावली आणि खरंच पुष्कळ नाकं पुसली. पण त्या नाकांच्या मागे घरं होती. कोणाचा दमा सासू आल्यावर वाढतो, कोणाची डोकेदुखी परीक्षेच्या निकालाबरोबर जाते, कोण गोळ्या नेतं आणि उशीखाली ठेवतं, हे मोठ्या हॉस्पिटलात कोणाला कळणार होतं? पुढे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा त्यांनी कॉलेजच्या दारात हेलपाटे घालून, सभांमध्ये भांडून, मुलांना थोडे दिवस तरी अशा दवाखान्यात पाठवायला लावलं. "तिथे काय शिकणार ती? सर्दी?" असं एका विभागप्रमुखाने विचारलं होतं. "रोगी घरी गेल्यावर कसा राहतो, ते," बाई म्हणाल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या मुलांना आत येऊच द्यायच्या नाहीत. बाहेरच्या बाकावर रोग्यांच्या मध्ये सकाळभर बसवायच्या. आपली पाळी येण्याची वाट बघणं म्हणजे काय असतं, ते कळू दे. मुलं आधी कंटाळायची, मग शेजारच्या माणसाशी बोलायला लागायची, आणि दुपारी आत आली की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललेलं असायचं. आपण आयुष्यात केलेली एवढी एकच गोष्ट आपल्या मागे राहील, असं बाईंना वाटायचं.

इकोचा निकाल फोनवर आला. हृदयाचा तो डॉक्टर त्यांच्याच सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी, टोपणनावांतला तो वकील. त्याच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "मॅडम, तुमच्या कानांना सलाम. इतका बारीक आवाज आमच्याकडच्या पोरांच्या हातून सुटला असता. झडप जन्मापासूनच तीनऐवजी दोन पाकळ्यांची आहे. हृदय थोडं मोठं झालंय. ऑपरेशन लागणार, पण वेळेत सापडलंय." बाई "बरं, बरं" म्हणत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून गळत असेल?" तो म्हणाला, "तसं सांगणं कठीण. पण पुष्कळ वर्षं असणार. आणि मॅडम, हे घराण्यात चालतं कधीकधी. त्याला मुलंबाळं असतील तर त्यांनाही बघून घ्या."

पुष्कळ वर्षं. बाईंनी फोन ठेवला. दर वर्षी हा माणूस आला होता. दर वर्षी त्यांनी त्याच्या छातीवर चकती ठेवली होती आणि "मस्त आहे, चालवा बस" असं म्हणून पाठीवर थाप मारली होती. गेल्या खेपेला ब्लडप्रेशर घेताना खालचा आकडा बराच खाली गेला होता, ते त्यांना आत्ता आठवलं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "वा, तरुण पोरासारखं आहे." झडप गळायला लागली की तो आकडा असाच खाली जातो, हे त्यांनी इतरांना शिकवलं होतं, फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण कान म्हणाले होते की सगळं ठीक आहे, आणि कानांवर त्यांचा इतका विश्वास होता की डोळ्यांसमोरचा आकडा त्यांनी खुशाल कौतुकात घालवला. आणि हा एकच का? मनात एकेक छाती उघडी व्हायला लागली. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची, शाळेतल्या मुख्याध्यापिकेची, बाळंतपणं झालेल्या मुलींची, त्या मुलींच्या बाळांची. त्या सगळ्यांना बाईंनी सांगितलं होतं, काही नाही, छाती साफ आहे. माणसं किती हलकी होऊन पायऱ्या उतरायची. त्यांतल्या किती जणांच्या छातीत खरंच काही नव्हतं, आणि किती जणांच्या बाबतीत फक्त बाईंच्या कानात काही नव्हतं?

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि शर्टाची बटणं काढायला सांगितलं. नवरा एका कारखान्यात नकाशे काढायचा, आता घरीच असायचा आणि शब्दकोडी सोडवायचा. "काय गं, आज कुठे दुखतंय मला?" त्याने हसत विचारलं. "गप्प बसा हो जरा," बाई म्हणाल्या. त्याचे ठोके छान ऐकू आले, जड, भरदार, एखाद्याने ओल्या मातीवर मूठ आपटावी तसे. बाईंना क्षणभर हायसं वाटलं. मग वाटलं, हे ऐकू येणारच. जाडाभरडा आवाज कोणालाही ऐकू येतो. चकती उचलून त्या सरळ झाल्या तर नवरा काहीतरी विचारत होता.

"काय म्हणालात?"

त्याने चेहरा त्यांच्याकडे वळवला, थोडा थांबला आणि सावकाश म्हणाला, "म्हटलं, चहा ठेवू का."

त्याचं ते वळणं, थांबणं, सावकाश बोलणं बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. पाहिलं म्हणजे रोज दिसतच होतं. वय झालं, बोलणं संथ झालं, असं त्या समजून होत्या. "अहो," त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"काय?"

"मला कमी ऐकू येतं, हे."

त्याने शर्टाची बटणं लावायला घेतली. खालच्या बटणापासून सुरुवात केली, वरपर्यंत आला. "झाली असतील दोन-चार वर्षं," तो म्हणाला. "एकदा बोललो होतो. तू केवढी चिडलीस. म्हणालीस, लोकच हल्ली पुटपुटतात. मग म्हटलं जाऊ दे. माझं काय, मी समोर येऊन बोलतो."

"पण मी लोकांच्या छात्या ऐकते हो."

"ते मला कुठे सुचलं," तो म्हणाला. त्याला खरंच सुचलं नव्हतं. घरात हाक ऐकू न येणारी बायको आणि दवाखान्यात छात्या ऐकणारी डॉक्टर या त्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या बायका होत्या. त्या दोघी एकच आहेत हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण चहा ठेवायला म्हणून तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाईंना दवाखान्यातला म्हातारा कंपाउंडर आठवला. रोगी काही सांगायला लागला की तो दारातून तेच मोठ्याने पुन्हा सांगायचा, "खोकला म्हणतोय, रात्रीचा," "पोटात कळ येते म्हणतेय." बाई त्याच्यावर खेकसायच्या, की मला कान आहेत. तो खाली मान घालून हसायचा आणि पुढच्या रोग्याच्या वेळी पुन्हा तेच करायचा. म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्यांनी मिळून त्यांच्याभोवती एक मऊ भिंत बांधली होती. त्यांना लागू नये म्हणून.

कानाच्या तपासणीला त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, ओळखीचं कोणी भेटू नये अशा ठिकाणी. व्यवसाय विचारला तेव्हा "शिक्षिका" म्हणाल्या. तेही खोटं नव्हतं. एका काचेच्या खोलीत त्यांना बसवलं, कानांवर जड, गार गोल ठेवले आणि हातात एक बटण दिलं. "आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी," काचेपलीकडची तरुण मुलगी म्हणाली. सुरुवातीला आवाज आले, घुमणारे, दूरच्या भोंग्यासारखे. बाईंनी बटण दाबलं. मग आवाज पातळ होत गेले, वर वर गेले आणि नाहीसे झाले. काचेपलीकडे मुलगी यंत्रावर काहीतरी फिरवत होती, थांबत होती, पुन्हा फिरवत होती. म्हणजे आवाज चालूच होते. बाई बटणावर अंगठा ठेवून त्या शांततेत बसल्या. मनात आलं, मुलीचा हात हलला की दाबावं. त्यांनी एकदा दाबलंही. मुलीने मान वर करून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती, आणि ती बाईंना ओळखीची वाटली. खोटी मान डोलावणाऱ्या पोरांकडे त्या स्वतः कधीकधी अशाच बघायच्या.

"खालचे सूर चांगले आहेत," मुलीने नंतर कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवत सांगितलं. "वरचे गेलेत. पुरुषांचं बोलणं कळत असेल तुम्हाला. बायकांचं कमी, लहान मुलांचं सगळ्यात कमी. स, श, फ अशी अक्षरं निसटत असतील. वयाने होतं, काकू. शिकवताना मागच्या बाकावरच्या मुलांचं ऐकायला त्रास होतो का?" बाई म्हणाल्या, "होतो." गेली काही वर्षं लहान मुलं आपल्याशी बोलेनाशी झाली आहेत, आईच्या कुशीत तोंड घालून नुसतीच बघतात, असं त्यांना वाटत होतं. हल्लीची मुलं बुजरी, असं त्यांनी घरी सांगितलंही होतं. ती मुलं बोलतच होती. "कानात यंत्र घातलं की पुष्कळ सुधारेल," मुलगी म्हणाली. बाईंना माहीत होतं. आवाज मोठा करणारे स्टेथोस्कोपही मिळतात, हेही माहीत होतं. पुढचं सगळं सुधारण्यासारखं होतं. मागचं कोणत्या यंत्रातून ऐकायचं, एवढंच त्या मुलीला विचारता येत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस बाईंनी विचित्र काढले. दवाखान्यात जायच्या, नाडी बघायच्या, प्रेशर घ्यायच्या, पोट दाबून बघायच्या, आणि छातीची वेळ आली की चिमणीला म्हणायच्या, "तू ऐक, आणि सांग." मुलीला वाटलं, मॅडम आपल्याला शिकवताहेत. ती मन लावून ऐकायची, आणि ऐकताना बाई तिचा चेहरा वाचत राहायच्या, भुवया जवळ येताहेत का, डोळे कुठे थांबताहेत. मुलगी सांगायची आणि बाई म्हणायच्या, "बरोबर." प्रत्येक "बरोबर"गणिक त्यांना वाटायचं, आपण पायरी चुकून खाली चाललोय. दोनदा त्यांनी तिला सगळं सांगायचं ठरवलं. एकदा कंपाउंडर आत आला. एकदा कोणीच आत आलं नाही, तरी सांगितलं नाही.

चिमणीच्या दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी ड्रायव्हर आला. बरोबर त्याची मुलगी होती, शाळेत जाणारी, उंच, लाजरी. ड्रायव्हर वाळल्यासारखा दिसत होता. बस चालवणं सुटलं होतं. कारखान्याने त्याला गोदामात बसवलं होतं. तरी आत येताच त्याने हात जोडले आणि मुलीला म्हणाला, "नमस्कार कर बाईंना. यांनी पकडलं म्हणून बाप जिवंत आहे तुझा." मग बाईंकडे वळून, "मोठे डॉक्टर सांगत होते, असा कान सगळ्या शहरात नाही म्हणून. मी गोदामात सगळ्यांना सांगितलं. ऑपरेशनची तारीख मिळालीय. तुम्ही हो म्हणालात तरच करणार, नाहीतर नाही. तुम्ही म्हणाल ते."

चिमणी खिडकीपाशी उभी होती. तिने खाली बघितलं. आवाज तिने आधी ऐकला होता, पण मॅडमनी नंतर ऐकला होताच, तेव्हा कौतुक मॅडमचं होणार, यात तिला वावगं वाटत नसावं. ती नुसती थोडी लाजली होती, आणि ते लाजणं बाईंना सहन झालं नाही.

"ऑपरेशन करून घ्या," त्या म्हणाल्या. "नक्की करून घ्या. पण ते मी पकडलेलं नाही. हिने पकडलं. मला तो आवाज ऐकू आला नव्हता."

ड्रायव्हर हसला. "काय बाई, तुमचा मोठेपणा."

"मोठेपणा नाही. मला ऐकूच आला नव्हता. मी उगाच हो म्हटलं. माझे कान कमी झालेत, तपासून घेतले मी."

चिमणीने झटकन मान वर केली. ड्रायव्हरचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागून माणूस निघून गेल्यासारखं. तो बाईंकडे बघत राहिला. त्याच्या मनात एकेक वर्ष एकापुढे एक लावलं जात होतं. "म्हणजे मागच्या वर्षी," तो म्हणाला, "आणि त्याच्या आधी..."

"हो."

"मी चाळीस माणसं घेऊन घाट उतरत होतो, बाई."

बाईंना वाटलं, तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ओरडण्याऐवजी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हिचं? हिला जन्मल्यापासून तुम्हीच बघताय."

"हिचाही इको काढायचा. मी आजच सांगणार होते."

"ते काढूच." त्याने चिमणीकडे बघितलं. "तुम्ही ऐकता का? आत्ता. माझ्या जिवाला शांतता मिळेल."

चिमणीने बाईंकडे बघितलं, बाईंनी मान हलवली. पडद्याआड मुलीला बसवून चिमणी ऐकायला लागली. उताणी झोपवून, कुशीवर वळवून, पुढे वाकवून. इतका वेळ ती कोणाच्याच छातीवर थांबली नव्हती. ड्रायव्हर पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि बाई आपल्या खुर्चीत बसून होत्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत कोणी तपासत असताना त्या बसून राहिल्या आहेत, असं कधी झालं नव्हतं. शेवटी चिमणी बाहेर आली. "मला काही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच शब्दांना दचकून घाईने पुढे म्हणाली, "म्हणजे, आवाज नाहीये. ठोके नेहमीसारखे आहेत. असं म्हणायचंय मला."

"नक्की?" ड्रायव्हरने विचारलं.

आणि चिमणी, सवयीने, या दवाखान्यात शिकलेल्या सवयीने, आपला स्टेथोस्कोप बाईंच्या पुढे करून म्हणाली, "मॅडम, एकदा तुम्ही..." मग तिचा हात हवेतच थांबला.

"राहू दे," ड्रायव्हर हळुवारपणे म्हणाला. "बाईंना कशाला त्रास." त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. दमलेल्या म्हाताऱ्या माणसाला गर्दीत जागा करून द्यावी, तसा तो बोलला. मुलगी बटणं लावून पडद्याबाहेर आली, त्याने तिचा हात धरला, चिमणीला "थँक्यू डॉक्टर" म्हटलं आणि जाता जाता चिमणीलाच विचारलं, "तुम्ही पुढच्या आठवड्यात आहात ना?" ती म्हणाली, तिचे इथले दिवस आज संपताहेत. तो दारात घुटमळला. बाईंकडे एकदा बघून घेतलं, काही विचारावं की नाही असं, आणि न विचारता गेला.

खोलीत दोघीच राहिल्या. चिमणी काहीतरी म्हणाली. बाईंना ओठ दिसले नाहीत, कारण ती खाली बघून बोलली, आणि पुन्हा विचारण्याचं बाईंना धैर्य झालं नाही. मुलीला माळ्याची गोष्ट आठवत असेल का? कुठेतरी, कोणालातरी, आज ना उद्या ती ही दुसरी गोष्टही सांगेल. सांगू दे. तेही शिकणंच आहे. असं बाईंनी मनाशी म्हणून पाहिलं, पण त्याने काही हलकं झालं नाही. तेवढ्यात कंपाउंडरने पुढच्या रोग्याला आत सोडलं. एक आजी होत्या, जुन्या दमेकरी, बाईंच्या पहिल्या रोग्यांपैकी. "खोकला वाढलाय म्हणताहेत," कंपाउंडर दारातून म्हणाला. आजी काही न विचारता स्टुलावर बसल्या, त्यांनी स्वेटरची बटणं सोडली, पाठ ताठ केली आणि कोणी सांगायच्या आतच मोठा श्वास आत घेऊन सोडायला सुरुवात केली, वर्षानुवर्षं घेत आल्या होत्या तसा. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आजी, थांबा. बटणं लावून घ्या. मी तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवते."

आजींचा श्वास मध्येच अडकला. त्यांची बोटं बटणं शोधायला लागली आणि त्यांना सापडेनात. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला बाईंना दिसला. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना कधी कोणाकडे पाठवलं नव्हतं. "एवढं वाईट झालंय का हो माझं?" आजींनी विचारलं. त्या बाईंच्या अगदी समोर होत्या, एकेक अक्षर ओठांवर होतं.

"तुमचं काही नाही, आजी. तुमचं काही नाही," बाई म्हणाल्या. "माझे कान गेलेत. मला तुमची छाती ऐकू येत नाही."

आपण किती मोठ्याने बोललो, हे त्यांना कळलं नाही. चिमणी दार लावायला धावली म्हणून त्यांनी तिकडे पाहिलं. दार लागायच्या आत, बाहेरच्या बाकावर ओळीने बसलेल्या माणसांच्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळलेल्या दिसल्या.